डेस्पिनाचा सढळ हात

ॲडलेडच्या आमच्या प्रयोगशाळेत डेस्पिना व्लाहोस असताना कुणाची उपाशी राहायची टाप नाही. घरी केलेली तिळाची बिस्किटं ती डबा भरून आणते आणि नको नको म्हणणाऱ्याच्याही हातात कोंबते. तिचा नवरा, शेजारी, पोस्टमन, सगळे गुटगुटीत झालेत. प्रयोगातलं यीस्ट तेवढं वाचलं असेल, असा आमचा भाबडा समज होता.

यीस्टच्या गुणसूत्राच्या टोकाशी काही प्रथिनं एकमेकांना धरून बसतात, तिथला डीएनए घट्ट आवळून ठेवतात, आणि त्यात सापडलेलं जनुक गप्प होतं. डेस्पिनाने यातलं एक प्रथिन मुद्दाम बिघडवलं आणि डीएनए ज्या दुसऱ्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांत बदल करून गप्प करण्याचं काम पुन्हा सुरू केलं, असा तिचा दावा. खरं-खोटं रंगावरून कळणार होतं. जनुक गप्प असलं की यीस्टच्या ठिपक्यावर लाल पट्टे, बोलकं असलं की ठिपका पांढरा. "महिनाअखेरपर्यंत लाल दाखव, नाहीतर हा विषय बंद," असं आमची प्रमुख कॉलीन हिने बजावलं होतं.

डेस्पिनाने यीस्ट वाढवलेल्या काचेच्या बशा उघडल्या. सगळं पांढरंफटक. ती मटकन खुर्चीत बसली आणि डोळे पुसू लागली. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती.

"रडतेस काय?" शेजारच्या टेबलावरचा नॉरिस म्हणाला. "ज्यात आपण काहीच बिघडवलं नाही, त्या यीस्टची बशी बघितलीस?"

तिने बघितली. ती तर लाल दिसायला हवी होती, पण तीही पांढरी!

"म्हणजे माझं प्रथिन नाही, यीस्टचं खाणं चुकलंय!" ती ताडकन उठली. मग एकदम ओशाळली. "खाणं मीच केलं होतं. त्यात ॲडेनिन जरा जास्त पडलं. मरतुकडी दिसत होती रे बिचारी."

"अगं बाई, यीस्टलाही आग्रह करून वाढलंस?"

ॲडेनिन या पोषकद्रव्याची चणचण असेल तरच लाल रंग चढतो, पोटभर मिळालं की सगळी पांढरीच. हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण हात ऐकेल तर ना! नव्या बशांच्या वेळी नॉरिस तराजूपाशी पहाऱ्याला उभा राहिला. "बस्स! आता चिमूटभरही नको."

पुढच्या आठवड्यात निरोगी यीस्टवर लाल पट्टे उमटले. नुसतं बिघडवलेलं पांढरंच राहिलं. आणि डेस्पिनाचं दुरुस्त केलेलं? लालचुटूक पट्टे! कॉलीनने बशी उजेडात धरून पाहिली आणि हसली. "विषय चालू."

डेस्पिनाला आनंदाने हुंदका आला. तिने बशी जवळ घेतली आणि हळूच विचारलं, "आता तरी घालू का गं यांना थोडं जेवायला?"