सर्दीचं पाणी

वडील गेले तेव्हा मला फ्लू झाला होता. लातूरहून चाकूरला पोचेपर्यंत नाकाडोळ्यांतून सारखं पाणी वाहत होतं. माझ्यामुळे कुणाला लागण नको म्हणून मी मास्क लावून ओसरीच्या टोकाला बसले. तरी आत्या आली, माझे डोळे पुसत म्हणाली, "लई रडायलीस. बस कर आता."

"सर्दी हाय, आत्या. लांब बस, तुला बी होईल."

"होऊ दे," म्हणत तिनं मला जवळ घेतलं. मला काहीच वाटलं नाही.

पाचव्या दिवशी माझा ताप उतरला आणि आत्या तापानं फणफणली. मी खिडकी उघडली, तिला गरम पेज पाजली. ती आपल्या भावाच्या, माझ्या वडिलांच्या, लहानपणाचं सांगत राहिली. मी हाव, हाव म्हणत तिच्या गोळीची वेळ बघत होते.