वरणाची बादली

मोठी आई गेल्याचं मला दोनदा कळलं. आधी बाबांचा फोन आला, लगेच काकांचा. दोघंही राजुऱ्याच्या त्याच घरातून, बहुधा एकाच अंगणातून बोलत होते... नागपूरच्या होस्टेलवर मला रडू यायच्या आधी लाजच वाटली.

मोठी आई म्हणजे बाबांची थोरली वहिनी. मोठे बाबा गेल्यावर आमची खानावळ तिनेच चालवली. खाणीतले कामगार पाळी सुटली की येऊन पंगतीला बसत. बाबा आणि काकांचं सकाळी वाजलं, की दुपारी ती त्या दोघांनाच वाढायला लावायची. भाताची परात बाबांकडे, वरणाची बादली काकांकडे. एकामागे दुसऱ्याला चालावंच लागे. नुसता भात कोण खाणार?

“वहिनी, मी याच्यासंगं नाई वाढत,” काका कुरकुरायचे.

“बोलू नोको त्याच्यासंगं. वाढ फक्त. लोकायले तुमचं भांडण नाई, वरण पायजे.”

मग पंगतीतून कुणीतरी ओरडायचं, “बाई, वरण लय दूरून येऊन राह्यलं आज! भावाभावाचं जमलं नाई वाटते?” सगळे हसायचे. शेवटच्या ताटाशी पोचेपर्यंत ते दोघंही हसत. कॉलेजात लीडरशिप हा विषय शिकताना मला ती बादलीच दिसायची.

ती आजारी पडली आणि तिच्या खुर्चीत कोण बसणार यावरून दोघांचं बोलणं तुटलं. तेरवीला बाबांनी भात वाढला. काका मांडवाच्या खांबाला टेकून उभे... बादली जागेवरच. पंगत थांबून राहिली. कुणी थट्टा केली नाही, हे सर्वांत वाईट. एका जुन्या गिऱ्हाइकाने भातावर मीठ घेतलं, कालवलं आणि खाली मान घालून खायला सुरुवात केली. तिच्याच तेरवीला, कोरडा भात! मी पाण्याचा जग घेऊन फिरत होते. त्यांच्या पेल्यात ओतताना मला त्यांच्याकडे पाहता आलं नाही. शेवटी बादली मीच उचलली, तेव्हा त्यांचं ताट निम्मं झालं होतं.

खानावळ चालू आहे, पण माणसं आता गुपचूप जेवून उठतात. मी सुट्टी वाढवून घेतली आहे. दुपारी बाबा परात घेऊन निघाले की मागून मी बादली नेते. काका दाराशी उभे राहून पाहतात. बादली मला पेलते. पण त्यांच्यासमोर आले की मी थांबते, ती खाली ठेवते, हात चोळते... आणि थोडा वेळ उचलतच नाही.