काटामामांचा बोल्ट

आमच्या दुकानातला चहा काटामामा मी आधी घोट घेतल्याशिवाय प्यायचे नाहीत. "इख नाय गो, पण दूध कालचं असंल तर?" महाडात स्पेअर पार्टचं दुकान चालवायचं तर असली गिऱ्हाइकं सोसावी लागतात.

मामा कापडे गावचे. मुंबईत शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधण्यात उमर घालवली, मग परत येऊन पोलादपूरला हायवेलगत शेड टाकली. पिशवीत कायम सोनाराचा छोटा काटा. सीलबंद डब्यातले चार पिस्टन माझ्या काउंटरवर मांडून एकेक तोलायचे. एखादा जरा जड निघाला की बाजूला सारायचे. "ह्यो पावना."

"मामा, कंपनीचा डबा आहे."

"डबा भरला कुनी? मानसानंच ना? मंग?"

चारही साधे चालतील, पण सारखे हवेत, हा त्यांचा हेका. "जोडीत एक बैल दांडगा झाला की दुसऱ्याची मान जाते." बोलणं पटायचं, म्हणून मी कटकट करत का होईना, डबा बदलून द्यायची.

त्यांची लेक सुप्रिया घाटातल्या शर्यतीत उतरणार ठरलं आणि मामांनी तिच्या गाडीचं इंजिन बांधायला घेतलं. मग तर बेअरिंगचा पुडा फोडून ते वासही घेऊ लागले. पुरात बुडालेला माल धुऊन विकणारे गावात होतेच. मी भडकले. "माझ्याकडे भिजका माल नसतो."

"तुज्यावर नाय, बाय. माजा संशय नदीवर हाय."

सुप्रिया वैतागायची, "बाबा, गाडी शेडातच म्हातारी होईल."

इंजिन बांधून झालं. शर्यतीच्या आदल्या दिवशी मामांनी ते पुन्हा खोललं. कनेक्टिंग रॉडचा एक बोल्ट ताणून लांबलाय, वेगात तुटेल म्हणाले. पनवेलहून नवा संच येईपर्यंत शर्यत होऊन गेली होती. सुप्रियानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. "भंगारात घाल," म्हणून मामांनी तो बोल्ट माझ्यापुढे टाकला. मी घातला नाही. डोळ्यांना तो धडधाकट दिसत होता. शिवाय त्याच आठवड्यात, कशेडी घाटाच्या वळणावर पोरीनं ट्रक कसा मागे टाकला ते मामा मला दोनदा सांगून गेले होते, आणि दोन्ही वेळा त्यांचा चहा तसाच निवला होता.

पुढच्या शर्यतीला सुप्रिया गेली. मामा बघायला गेले नाहीत. बापलेकीचं बोलणं पुन्हा सुरू झालं, पण त्या बोल्टाचा विषय दोघांनी काढला नाही. गेल्या वर्षी मामा वारले.

परवा सुप्रिया नव्या इंजिनाचं सामान घ्यायला आली. मी ड्रॉवरमधून तो जुना बोल्ट काढून समोर ठेवला आणि कुठला ते सांगितलं. तिनं लांबी मोजायला त्याला व्हर्निअर लावला. मग पुड्यातल्या नव्याला. मग परत जुन्याला.

"काकी, हा ताणलेला नाय."

"मला वाटलंच होतं."

"म्हणजे बाबांनी फसवलं मला."

"घाबरले होते."

"मग तसं बोलायचं ना तोंडानं."

"थांबली असतीस?"

ती हसली. "नाय."

"बरं, हा चांगला आहे तर आठातले नवे सातच देऊ?"

"नाय काकी. आठही एकाच पुड्यातले द्या," ती म्हणाली, आणि पर्समधून काटा काढून काउंटरवर ठेवला.