इंडिकेटर देणारा चोर

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यात एखादी जुनी कटलस गाडी दिसली की मी थांबून पाहतो आणि ते प्रकरण पुन्हा मनात जागं होतं.

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. न्यू जर्सीत, आयसेलिनजवळच्या एका गावात मी डिटेक्टिव्ह होतो. लहानपणी आईवडिलांबरोबर नागपूरहून आलेला, घरी मराठी बोलणारा. त्यामुळे देशी कुटुंबाची फिर्याद आली की सार्जंट ती माझ्याच टेबलावर ठेवायचा.

फिर्यादी होते एक निवृत्त मराठी डॉक्टर, सत्तरी ओलांडलेले. त्यांची सत्त्याहत्तर सालची कटलस दारातून चोरीला गेली होती. मोठमोठ्या इंजिनांच्या सुसाट गाड्यांचा जमाना सरल्यावर आलेली ही मध्यम आकाराची गाडी. बॉनेट लांबलचक, मागचं अर्धं छत व्हिनाइलचं, आत लाल मखमली सीट. डौल मोठा, दम बेताचा. डॉक्टरांनी ती नवीन घेतली होती आणि अजून रोज चालवायचे.

मी ड्राइव्हवे पाहिला. काच फुटलेली नव्हती, गाडी ओढून नेल्याची खूण नव्हती. म्हणजे ज्याने नेली त्याच्याकडे चावी होती.

“चाव्या कोणाकोणाकडे असतात?”

“माझ्याकडे. आणि गॅरेजवाल्याकडे एक सेट असतो,” डॉक्टर म्हणाले.

“घरात आणखी कोण ड्राइव्ह करतं?”

“कोणी नाही. मुलगा दूर क्युपर्टिनोला असतो. हिला येत नाही. मी मित्राबरोबर मंदिरात गेलो होतो, ही मैत्रिणीकडे. घर बंद होतं.”

त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. बोलल्या काहीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. गॅरेजवाल्याचा त्या गाडीवर फार दिवसांपासून डोळा आहे आणि तरुणपणी तो गाडीचोरीत आत जाऊन आला आहे, असं सांगून फोन ठेवला गेला. तो कोणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही तपासलं. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

मी त्याला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा गोरा माणूस. खोलीत येताच त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. ठाण्याची सवय असलेला माणूस कसा बसतो ते मला माहीत होतं. हा तसाच बसला, आणि पुन्हा तसं बसावं लागलं हेच त्याच्या मनाला लागलं होतं.

“गाडी विकत मागितली होतीस?”

“दर वर्षी मागतो. डॉक्टर दर वर्षी हसतात.”

“चावी तुझ्याकडे आहे.”

“आहे. गॅरेजात खिळ्याला लटकते आहे, जाऊन बघा.” मग थोडं थांबून म्हणाला, “माझ्या मुलीला माझं जुनं काहीच माहीत नाही. तुमची पोलिसांची गाडी आज माझ्या दारात उभी राहिली. आता तिला काय सांगू?”

गाडी गेली त्या सकाळी तो कुठे होता याला साक्षीदार नव्हता. सार्जंटचं मत होतं की एवढं पुरे, अटकेचे कागद करू. मी एक दिवस मागून घेतला, कारण समोरच्या घरातल्या बाईंचा जबाब राहिला होता.

त्या बाई एकट्या राहायच्या. सकाळभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी असायच्या. कुंपणाच्या झाडांमुळे गाडी चालवणारा त्यांना दिसला नव्हता, गाडीची मागची बाजू तेवढी दिसली होती.

“मला वाटलं, डॉक्टरच आहेत. एका झटक्यात सुरू झाली ना.”

मी कान टवकारले. कार्ब्युरेटरची गाडी. थंडीत ॲक्सिलरेटर आधी किती दाबायचा हे ठाऊक नसेल तर नवखा माणूस घुरघुर करत बसतो. पण गॅरेजवाल्यालाही ते ठाऊक असणारच.

“मग?”

“मग फार हळू गेली. रस्ता रिकामा होता, तरी कोपऱ्यावर पूर्ण थांबली. इंडिकेटर लावला, चालवणारा दोन्हीकडे बघत असावा इतका वेळ थांबली आणि वळली.”

चोराला एकच घाई असते, तिथून निसटायची. रिकाम्या रस्त्यावर इंडिकेटर देणारा चोर मी पाहिला नव्हता. इतकं जपून दोनच जण चालवतात, नुकतं शिकलेले किंवा फार वर्षांनी स्टिअरिंगला हात लावणारे. गाडीत बसून विचार करताना मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. ही मैत्रिणीकडे गेली होती. मैत्रीण राहायची शेजारच्या गावात. तिकडे बस जात नाही. मग काकू गेल्या कशा?

डॉक्टर फिरायला गेलेले असताना मी त्यांच्या घरी गेलो. काकू मेथी निवडत होत्या. मी इंडिकेटरचा विषय काढलाच नाही. एवढंच म्हणालो, “काकू, गॅरेजवाल्याला उद्या बहुतेक अटक होईल.”

त्यांचे हात थांबले.

“त्याला कशाला? त्याने काही केलं नाही. गाडी मी नेली.”

मग त्या बोलत राहिल्या. डॉक्टरांना बाजूचं दिसेनासं झालं होतं. स्वतः डॉक्टर, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरकडे जाईनात. शाळेजवळ एक मुलगी रस्ता ओलांडत होती. काकू ओरडल्या, गाडी जेमतेम थांबली. “मला म्हणाले, तू ओरडतेस म्हणून माझं लक्ष जातं. मुलाला फोन केला. तो म्हणतो, आई, ही वोंट लिसन, बाबा ऐकणारच नाहीत. मग काय करायचं? कोणाचं लेकरू जाईपर्यंत वाट बघायची?”

“पण तुम्हाला ड्राइव्ह करता येतं?”

“ह्याच गाडीवर यांनीच शिकवलं होतं. एकदा मेलबॉक्सला धडकवली, त्यानंतर हात लावू दिला नाही. लायसन्स मी दर वेळी रिन्यू केलं, न सांगता. जुनी चावीही जपून ठेवली होती.”

गाडी मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये चादरीखाली होती. नोंदणी दोघांच्या नावावर, म्हणजे चोरी झालेलीच नव्हती. काकूंनी पोलिसांना खोटा शब्द सांगितला नव्हता, कारण त्या बोलल्याच नव्हत्या. कायद्याने प्रकरण तिथेच संपत होतं. डॉक्टरांना सांगायचं मात्र बाकी होतं.

“तुम्ही सांगू नका,” काकू म्हणाल्या. “मी सांगते. तुम्ही फक्त बसा.”

डॉक्टर आले. त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

“माझ्यावर पोलीस आणलेस?”

“पोलीस तुम्ही आणलेत. मी गाडी हलवली.”

मी म्हणालो, “डॉक्टर, डोळ्यांच्या फेरतपासणीसाठी मला मोटार वाहन खात्याला कळवावं लागेल.”

“कळव.” मग ते खुर्चीत बसले. “ती मुलगी मला खरंच दिसली नव्हती,” ते काकूंकडे पाहून म्हणाले. “शेवटपर्यंत दिसली नव्हती.” काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुपारी मी दोघांना मैत्रिणीच्या घरी सोडलं. डॉक्टरांनी चादर काढली, बॉनेटवरून हात फिरवला आणि सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेले. तिथे थांबले. मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. म्हणाले, “आधी गॅरेजवर घे. त्या माणसाची माफी मागायची आहे, त्याच्या मुलीसमोर.”

मी त्यांच्या मागोमाग गेलो. डॉक्टरांनी आत शिरून मुलीसमोर सरळ माफी मागितली. गॅरेजवाल्याने ऐकून घेतलं, हात पुसून त्यांच्या हातात दिला. पुढे काकू ती गाडी कितीतरी वर्षं चालवताना दिसायच्या, शेजारी डॉक्टर सूचना देत बसलेले.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. घरात चार माणसं असली तर चौघांना वेगवेगळं बसवून विचारायचं, आणि एकाने दुसऱ्याच्या वतीने उत्तर दिलं की ते उत्तर दिलंच नाही असं धरायचं. नव्या पोरांना मी हे नियम म्हणून शिकवलं. त्यांना न सांगितलेली गोष्ट अशी की गुन्हा शोधायला गेलो आणि मला तिथे काळजी सापडली. तीसुद्धा लपवावी लागते, कधीकधी चोरीसारखी करावी लागते, हे तोपर्यंत मला कुठल्याच प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं.