डावा कौल

आईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करा, थांबू नका. थोरल्या काकांनी डॉक्टरांना बरं म्हटलं आणि बाहेर येऊन कोकणात गावच्या गुरवाला फोन लावला. लग्न असो, घर असो, कौल लावल्याशिवाय आमच्यात काही ठरत नाही. डोंबिवलीच्या घरात सगळे मोबाइलभोवती बसले. गुरवाने देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. आधी उजवी पडली तर होकार. डावी पडली.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पाणी सुकलं की पाकळी पडणारच, देवाचा काय संबंध, असं मी तावातावाने म्हणालो. आईने शांतपणे विचारलं, "अरे, पण पाणी सुकवतो कोण?"

नेमक्या याच प्रश्नावरची पुस्तकं वाचायची मला खोड आहे. काही धर्मपंडित म्हणतात, देव नियम मोडत नाही. अणूच्या आत जिथे आधीपासून काही ठरलेलं नसतं, तिथे तो हलकेच बोट लावतो. काही म्हणतात, नियम चालतात तेच त्याचं करणं. या विद्वानांचा देव फारच सभ्य. त्याने काही केलं काय नि न केलं काय, दिसतं सारखंच. मला त्याची चीड येते.

ऑपरेशन पुढच्या कौलावर गेलं. तो लागायच्या आधीच एका दुपारी आईला श्वास घेता येईना. गाडी करून निघालो. घोडबंदर रोडला हॉस्पिटलची पाटी समोर दिसत होती आणि मध्ये एक बस आडवी अडकलेली. आईने माझा हात घट्ट धरला होता. देव्हाऱ्याकडे कधी न फिरकणारा मी, मनातल्या मनात गयावया करू लागलो. निसर्गाचा एकही नियम मोडायचा नव्हता. ती बस दोन हात सरकली असती तरी पुरे होतं.

तेराव्याला जेवणं चालू असताना काका म्हणाले, "देवाने नको म्हटलेलं ते उगाच नाही. ऑपरेशनच्या टेबलावरच गेली असती. सुटली बिचारी." पंगतीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी भांडलो नाही. त्यांच्या देवाने निदान 'नाही' तरी म्हटलं होतं. मी ज्याला हाक मारली, त्याने तेवढंही केलं नाही.