करड्या पलटणीचा निळा रंग

समजा, तुमच्यासमोर टेबलावर पाचशे चाळीस शिपाई उभे आहेत. एकेक शिपाई तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढा. त्याला बूट आहेत, विजार आहे, गुडघ्यापर्यंत येणारा कोट आहे, कोटाला सहा बटणं आहेत. पाठीवर पिशवी, पिशवीला दोन पट्टे, टोपीखाली चेहरा आणि चेहऱ्यावर मिशी. हे सगळं तुम्हाला रंगवायचं आहे, मोजून दहा-बारा केसांच्या कुंचल्याने. बटण रंगवताना श्वास रोखायचा, नाहीतर बटणाचा रंग कोटावर जातो. एक शिपाई झाला की त्याला बाजूला ठेवायचं आणि मान वर करायची नाही. केलीत, तर उरलेले पाचशे एकोणचाळीस जण तुमच्याकडेच बघत असतात.

मास्तर अकरा वर्षं मान वर न करता बसले होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ठोकर लागलेल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात ते रंग जुळवायचं काम करत. गाडीला एखादं दार नवीन बसवलं की त्याचा रंग बाकीच्या गाडीशी एकजीव व्हावा लागतो. डब्यावरच्या आकड्यांवरून रंग जवळपास जुळतो, पण जवळपासच. शेवटचे दोन-चार थेंब कशाचे टाकायचे, ते मास्तरांचा डोळा सांगायचा. ते मान हलवायचे आणि गाडी बाहेर पडायची. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

शिपायांचा नाद त्यांना साडूने लावला. साडू म्हणजे त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं औषधांचं दुकान. दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत सहा-सात जण जमत. तिथल्या चौदा फुटी टेबलावर नदी, पूल आणि टेकड्या मांडायच्या, दोन्ही बाजूंना दोन फौजा उभ्या करायच्या, फासे टाकायचे आणि पट्टीने अंतर मोजून पलटणी पुढे सरकवायच्या. नियम एकच कडक: न रंगवलेला शिपाई टेबलावर येणार नाही. साडूची फौज निळ्या कोटांची. मास्तरांनी करडा कोट निवडला. दोघांनी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं, पाचशे चाळीस विरुद्ध पाचशे चाळीस अशी पुलाची मोठी लढाई एकदा खेळायची. साडूचे सगळे शिपाई चार वर्षांपूर्वीच रंगवून झाले होते, आणि हे तो मास्तरांना विसरू देत नव्हता.

"साडूभाऊ, तुमची फौज कपडे घालून कधी येणार?" तो विचारायचा. "माझे शिपाई उभे राहून राहून पेन्शनीत निघाले."

मास्तर मात्र रोज सकाळी साडेपाचला उठून खिडकीशी बसायचे आणि पाच शिपाई पुढे ओढायचे. प्रत्येक शिपाई बाटलीच्या बुचावर डिंकाने चिकटवलेला, म्हणजे हाताला रंग लागत नाही. अंगात आळस असला की स्वतःला सांगायचे, आज फक्त बूट. दहा बूट काळे करायला कितीसा वेळ लागतो? पण बूट झाले की विजार उघडी दिसायची, विजार झाली की कोट हाका मारायचा. कधी आजारपण यायचं, कधी गॅरेजात कामाचा ढीग, कधी महिनाच्या महिना बुचं कोरडी राहायची. मग एखाद्या सकाळी पुन्हा, आज फक्त बूट. असं करत करत चारशे बारा झाले.

आणि मग वाचनालयाने वरची खोली संगणकाच्या वर्गाला द्यायचं ठरवलं. चौदा फुटी टेबल मोडीत जाणार होतं. मास्तरांच्या हातात जेमतेम तीन महिने उरले. त्या टेबलावर झाली तर झाली, नाहीतर पुलाची लढाई कधीच होणार नव्हती. एवढ्या मोठ्या दोन फौजा मांडायला कुणाच्या घरात जागा आहे?

नेमकी तेव्हाच सहा बटणांची बारा दिसायला लागली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. आजचा नाही, चांगला मुरलेला आहे. इतकी वर्षं काय करत होतात?"

"बटणं रंगवत होतो," मास्तर म्हणाले.

आधी उजवा डोळा करायचा, डावा नंतर, असं ठरलं. उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि मास्तर घरी आले, ते दारातच थबकले. भिंत पांढरी होती. म्हणजे ती पांढरी असल्याचं त्यांना माहीत होतंच, पण इतकी? बायको खिडकीशी शिलाई मशीनवर बसली होती. बायकांचे कपडे शिवण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. तिच्या रिळांच्या डब्याकडे ते लहान मुलासारखे बघत राहिले. मग मोठ्या हौसेने त्यांनी कपाटातून शिपायांचा सगळ्यात नवा खोका काढला आणि झाकण उघडलं.

"हे कोणाचे?"

"कोणाचे म्हणजे? तुमचेच," बायको मशीन न थांबवता म्हणाली.

"माझे करडे आहेत."

"करडे?" मशीन थांबलं. "अहो, चांगले ठसठशीत निळे आहेत ते." ती हसायला लागली आणि त्यांचा चेहरा बघून हसता हसता थांबली.

"तुला माहीत होतं?"

"दिवसाला वीस रंगांचे दोरे जुळवते मी. मला निळा कळणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बदललात. तुमच्या सैन्याचे कपडे तुम्ही ठरवणार, मी कशाला नाक खुपसू? आणि एकदा म्हटलं होतं हं मी, की निळा छान निवडलात. तुम्ही म्हणालात, हं."

मास्तरांना आठवेना. बहुतेक तेव्हा ते श्वास रोखून बटण रंगवत असावेत.

संध्याकाळी साडू डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन आला. मास्तरांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. खोका त्याच्यापुढे धरला. "रंग कुठला?"

"निळा," साडू म्हणाला. "माझा."

"तुम्हाला दिसत होतं?"

"आंधळा आहे का मी? मला वाटलं, मला डिवचायला करताय. साडूचा रंग चोरायचा, त्याचा टेबलावर गोंधळ उडवायचा. मी पण मनाशी ठरवलं, मेलो तरी विचारणार नाही. विचारलं की तुम्हाला हवं तेच झालं असतं."

"किती दिवस हा रुसवा?"

"चार वर्षं," साडू जरा ओशाळून म्हणाला. "त्या टेकडीच्या लढाईत तुम्ही माझी पलटण आपली समजून माझ्याच तोफांवर नेलीत, तेव्हाही मी गप्प होतो. म्हटलं, काय नाटकी माणूस आहे!"

साडू गेल्यावर मास्तरांनी सगळे खोके खाली काढले आणि चारशे बारा शिपाई जमिनीवर एका ओळीत मांडले, रंगवले त्या क्रमाने. पहिले शंभरेक करडे होते, पावसाळी ढगासारखे. मग कुठेतरी रंग घसरायला लागला होता. शेजारशेजारचे दोन शिपाई उचलले तर फरक सांगता येत नव्हता. पण या टोकाचा आणि त्या टोकाचा शेजारी धरला, तर दोघे एकमेकांशी लढायलाच उभे आहेत असं वाटत होतं. मास्तरांनी उजवा डोळा झाकला. शेवटचे निळे करडे झाले आणि पहिले करडे मळकट. डावा झाकला. ओळ पुन्हा निळी होत गेली.

चूक कुठे झाली, हे त्यांना लगेच कळलं. डोळ्यातलं भिंग वर्षावर्षाला पिवळं पडत गेलं होतं. पिवळ्या काचेतून करडा मळका दिसतो, म्हणून हात आपोआप निळ्याचा एकेक थेंब जास्त टाकत गेला. पहिला शिपाई समोर नमुना म्हणून ठेवला असता, तर रंग घसरायला लागल्याबरोबर हे लक्षात आलं असतं. पण नमुना कशाला? करडा आपल्या डोळ्यांत बसलाय, अशी त्यांना घमेंड होती. कधीमधी जुना शिपाई हातात आला आणि वेगळा वाटला, तर ते रंगाच्या कंपनीच्या नावाने बोटं मोडायचे. म्हणायचे, माल हलका आलाय, उडतोय रंग.

चार दिवस ते खिडकीशी बसले नाहीत. बुचावर चिकटवलेले पाच शिपाई तसेच राहिले.

"राहू द्या की निळे," बायको म्हणाली. "उरलेलेही निळेच करा. सोपं काम."

साडूनेही फोनवर तेच सांगितलं. "नियम रंगवलेले असण्याचा आहे. कुठला रंग, असं कुठे लिहिलंय? या तसेच. आपण टोप्यांवरून ओळखू."

"आणि मी टेबलावर बघू काय?" मास्तर म्हणाले. "दोन्ही तीरांवर तुमचीच फौज?" आणि फोन ठेवला.

पाचव्या दिवशी ते साडेपाचला उठले. चारशे बारांपैकी तीनशेंना हात लावावा लागणार होता आणि एकशे अठ्ठावीस अजून कोरेच होते. डॉक्टरीणबाई बारीक कामाला परवानगी देईपर्यंत पुढचा महिना निघून जाणार होता. उरणार होते एकोणपन्नास दिवस. सगळे कोट खरवडून पुन्हा रंगवायचे म्हटले, तर एकोणपन्नास काय, वर्ष पुरलं नसतं.

पण मास्तर उगाच मास्तर नव्हते. निळं दार जरा जास्तच निळं झालं, तर ते खरवडून काढत नाहीत. निळ्याला मारायला त्याच्या विरुद्धचा रंग लागतो. त्यांनी तपकिरी रंगाचा एक थेंब घेतला, त्यात पाणी घालून तो चहाच्या पाण्यासारखा पातळ केला आणि शेवटच्या खोक्यातल्या एका शिपायाच्या कोटावर हलकेच फिरवला. सुकल्यावर डावा डोळा झाकून पाहिलं. निळा दबला होता, पण जरा जास्तच. शिपाई चिखलातून आल्यासारखा दिसत होता. दुसऱ्यावर अजून पातळ. तिसऱ्यावर त्याहून पातळ. सहाव्या शिपायाला त्यांनी पहिल्या वर्षीच्या पहिल्या शिपायाशेजारी उभं केलं आणि दोघांकडे बराच वेळ पाहिलं.

"ए, इकडे ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "यातला जुना कुठला?"

बायकोने दोघांना उचलून उजेडात धरलं. "हा," ती म्हणाली. मग, "नाही, थांबा. हा."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांना एवढंच हवं होतं.

महिनाभर त्यांनी कुंचल्याला हात लावला नाही. पण पातळ रंगाच्या बाटल्या तेवढ्या तयार केल्या, प्रत्येक खोक्याची वेगळी. आधीच्या खोक्यांना अगदी पुसट, शेवटच्यांना गडद. डाव्या डोळ्याची तारीख त्यांनी लढाईनंतरची मागून घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोपर्यंत एका माणसाच्या दोन नजरा सांभाळा." बायकोने उरलेल्या काळ्या कापडातून डाव्या डोळ्यासाठी झापड शिवून दिलं. ते लावून मास्तर बसले की ती म्हणायची, "आले समुद्री डाकू. चहा मिळणार नाही, मशीन लुटू नका."

एकोणपन्नास दिवस रोजचे सहा-सात जुने, दोन-तीन नवे. पहिला शिपाई सतत समोर, एका उलट्या वाटीवर उभा. आता ते दर शिपायाला मान वर करून त्याच्याकडे बघायचे. मान वर करून बघितल्याने कामाचा डोंगर दिसतो, ही त्यांची जुनी भीती होती. ती काही खोटी नव्हती. डोंगर रोज दिसत होता. एका बुधवारी हात इतका दुखला की त्यांनी कुंचला टाकला. बायकोने बुचांचा ट्रे उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाली, "पट्टे मला जमतील. सरळ रेघच आहे ना?" तिचे पट्टे त्यांच्यापेक्षा सरळ आले. त्या दिवसापासून पट्टे तिचे.

शेवटचा शिपाई शुक्रवारी सुकला. रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत नदीच्या एका तीरावर पाचशे चाळीस निळे आणि दुसऱ्या तीरावर पाचशे चाळीस करडे उभे राहिले. पहिला कुठला आणि पाचशे चाळिसावा कुठला, ते खुद्द मास्तरांना शोधून सापडेना. आलेले सगळे वाकून वाकून बघत होते. साडू टेबलाभोवती एक फेरी मारून आला.

"झाली पंचाईत," तो म्हणाला. "आता हरलो तर रंगाचं कारण सांगता येणार नाही."

लढाई सुरू झाली. दुपारपर्यंत करड्यांनी पूल धरून ठेवला. साडू फासे हातात घोळवत पुढच्या चालीचा विचार करत होता, म्हणून मास्तर जरा खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली रस्त्याकडेला एक राखाडी गाडी उभी होती. तिचं पुढचं दार बाकीच्या गाडीपेक्षा किंचित निळसर होतं. ते आपल्या गॅरेजातून गेलं होतं की दुसऱ्या कुणाच्या, हे वरून कळायला मार्ग नव्हता. मास्तरांनी डावा डोळा झाकून पाहिलं, मग उजवा.

"साडूभाऊ, तुमची पाळी," मागून साडू म्हणाला. "कुठे हरवलात?"

मास्तर वळले नाहीत. गेल्या चार-पाच वर्षांत आपण मान हलवल्यावर किती गाड्या बाहेर पडल्या असतील? आणि त्यांच्या मालकांपैकी एकही माणूस दाराचा रंग दाखवायला परत का आला नाही?