डोहाचा नारळ

आमच्या गावाखालच्या डोहात माझी चुलत बहीण बुडाली, तेव्हा मी जपानात होतो. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची नोकरी. ती कपडे धुवायला गेली होती, वर डोंगरात पाऊस कोसळला आणि इथं पाणी एकदम चढलं. मी फोनवर रडलो आणि सुट्टी मिळत नाही म्हणून आलो नाही. ही एक लाज. पण आज सांगायची ती दुसरी.

माझा वृद्धाश्रम समुद्राकाठच्या गावात होता. त्सुनामीनं ते गाव पार धुऊन नेलेलं. मी गेलो तोवर नवी घरं उभी राहिली होती आणि रविवारी माणसं फळ्या घेऊन लाटांवर उभी राहायची. सोबत काम करणारी एक पन्नाशीची बाई मलाही सर्फिंगला न्यायची. मी फळीवर उभा राहिलो असेन चार-पाच वेळा, बाकी सगळं नाकातोंडात पाणी.

एकदा वाळूत बसून ती म्हणाली की त्या लाटेनंतर इथले सर्फिंगवाले कितीतरी काळ पाण्यात उतरलेच नाहीत. नुसता किनारा साफ करत राहिले. मग ज्यांची माणसं गेली त्यांच्या घरोघर जाऊन त्यांनी विचारलं, आता पाण्यात उतरू का. सगळे हो म्हणाले, एक म्हातारा तेवढा नाही म्हणाला. त्याची बायको सापडलीच नव्हती. त्या एकासाठी सगळे थांबले. एके दिवशी म्हातारा आपणहून किनाऱ्यावर आला, जा आता म्हणाला, तेव्हा कुठं ते उतरले.

मी परत आलो आणि दोन मित्रांबरोबर धंदा काढला. आटगाव स्टेशनला उतरणारे मुंबईकर आणायचे, तंबू, दोरावरून धबधबा उतरणं, छोट्या होड्या. होड्यांना डोहासारखी जागा नाही, दिवाळीनंतर पाणी अगदी संथ असतं. पण आमच्याकडं रीत आहे. बुडालेल्या माणसाच्या घरच्यांनी डोहाला नारळ दिल्याशिवाय गाव त्या पाण्यात उतरत नाही. पोहणं नाही, मासे धरणं नाही. काकीनं लेकीमागं नारळ दिला नव्हता, आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

माझी झाली. काकी ओटीवर वाल निवडत बसली होती.

"नाय रे," ती म्हणाली. "माझ्याच्यानं नाय होयाचं."

आठ दिवसांनी परत गेलो. "तू विचारलंस त्याचा राग नाय," म्हणाली, "पन नाय."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. होड्या येऊन पडल्या होत्या. तिसऱ्यांदा गेलो तो जपान घेऊनच गेलो. म्हटलं, काकी, तिकडं गावंच्या गावं वाहून गेली, तरी लोकं समुद्रात खेळतात. घरोघर जाऊन विचारलं, सगळ्यांनी हो म्हटलं.

तिचे हात थांबले. "सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"येकानं पन नाय म्हटलं नाय?"

"नाय."

माझी जीभ झडली नाही. तो म्हातारा मी साळसूदपणे गिळून टाकला. काकीनं सूप बाजूला सारलं. म्हणाली, "मंग मीच येक आडमुठी म्हणायची." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोहाला नारळ दिला. मी बाजूला उभा होतो आणि माझ्या डोक्यात शनिवारचं बुकिंग होतं.

धंदा चालला. रविवारी काकी येऊन काठावर बसते आणि होडीतल्या पोरींना ओरडते, त्या अंगाला जाऊ नका गो, खोल हाय. मी जॅकेटाचे पट्टे तपासत राहतो, तिच्याकडं बघत नाही. शेण खाल्लं ते खाल्लंच, असं मनाशी म्हणतो आणि कामाला लागतो.

मागच्या थंडीत मुरबाडकडच्या एका गावची माणसं काकीला न्यायला आली. त्यांनाही बंधाऱ्यावर होड्या घालायच्या होत्या. तिथं एकीचा नवरा बुडालेला, आणि ती नारळ देत नव्हती. तुमी समजावा, म्हणाले. किती वर्षांनी कुणीतरी काकीला काहीतरी विचारायला आलं होतं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, गाडी काढ.

वाटेत सांगायचंच, असं ठरवलं होतं. किन्हवलीला चहाला थांबलो तेव्हा तोंड उघडलंही. बिस्कीट पाहिजे का, एवढंच विचारलं.

ती बाई पस्तिशीची असेल. काकीनं तिचा हात मांडीवर घेतला. "मी पन नाय म्हणत होते गो," ती म्हणाली. "पन जपानात येवढी माणसं गेली, तिथं येकानं पन नाय म्हटलं नाय. आपन किती दिस धरून बसायचं?"

बाईनं माझ्याकडं पाहिलं. "खरं का, दादा?"

मी बोलायच्या आत काकीच म्हणाली, "तो तिथं राहून आलाय. माझ्याशी कशाला खोटं बोलंल?"

बाई माझ्याकडं बघतच होती. तिला माझ्या तोंडून 'नाही' हवं होतं. कुठंतरी एक तरी माणूस नाही म्हणालं होतं, एवढंच तिला ऐकायचं होतं, आणि ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग मी तरी कशाला अडवू," म्हणाली.